पॉइंटरला ‘हवाला’ म्हणा, ‘संदर्भ’ नको

प्रश्न असा आहे : सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा मराठीतून शिकवताना ‘कॉल बाय व्हॅल्यू’ला (फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या नाव दिलेल्या तुकड्याला, मूल्याची प्रत देणे) ‘मूल्याने हाक’ आणि ‘कॉल बाय रेफरन्स’ला (प्रत न देता मूळ व्हेरिएबलच हाती देणे) ‘संदर्भाने हाक’ म्हणावे का?

नाही. ‘मूल्याने हाक’ म्हणजे पैसे मोजून कोणाला तरी बोलावल्यासारखे वाटते. आणि दुसऱ्या शब्दाची तर गरजच नाही, कारण सीमध्ये कॉल बाय रेफरन्स नसतोच. तो सी++ मध्ये आहे. सी फंक्शनला जे काही देते त्याची नक्कलच देते, मग तो आकडा असो की पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल). तरी वर्गावर्गांतून ‘सीमध्ये दोन प्रकार असतात’ हे पाठ करून घेणे चालूच आहे.

‘नक्कल’ हा शब्द मात्र इथे चपखल बसतो. अरबी ‘नक़्ल’चा मूळ अर्थ एका जागेहून दुसरीकडे नेणे, आणि त्यातूनच पुढे उतरवून घेणे, प्रत काढणे. अरबीत आजही वाहतुकीला हाच शब्द आहे. सीचेही तसेच : आकडा फंक्शनात ‘नेला’ म्हणजे त्याची प्रत निघाली, अस्सल जागच्या जागी. समजा दोन व्हेरिएबल आहेत : अ मध्ये ५, ब मध्ये ९. अदलाबदलीचे फंक्शन लिहून दोन्ही त्याला दिले, तर ते इमानाने आपल्या प्रतींची अदलाबदल करते, प्रती टाकून परत येते, आणि छापल्यावर पुन्हा ५ आणि ९. कंपायलर (आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) चकार शब्द काढत नाही.

आता ‘संदर्भ’. सम् + दृभ्. दृभ् म्हणजे गुंफणे. संदर्भ म्हणजे आजूबाजूची गुंफण, म्हणून तर आपण ‘संदर्भ सोडून बोलू नका’ म्हणतो. त्यात बोट दाखवणे कुठे आले? कोशकारांनी इंग्रजी शब्दापुढे जो हाताला लागला तो संस्कृत शब्द ठेवून दिला, इतकेच.

पॉइंटरला खरा शब्द आहे ‘हवाला’. अरबी धातू ह-व-ल : बदलणे, एकाकडून दुसऱ्याकडे वळवणे. हाल, अहवाल त्याच घरचे. गड ज्याच्या हवाली तो हवालदारही त्यातलाच. (‘हवालदील’ मात्र वेगळ्या ‘हौल’चा, म्हणजे धास्तीचा. पॉइंटर शिकणारा हवालदील होतो हा निव्वळ योगायोग.) ग्रंथाचा हवाला देतो तेव्हा आपण ग्रंथ उचलून आणत नाही, कुठे पाहायचे ते सांगतो. सराफी हवाल्यातही रोकड प्रवास करत नाही, निरोप जातो. पॉइंटर याहून वेगळे काय करतो? ‘पण हवाला म्हणजे काळा पैसा’ ही १९९० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांची कृपा. तेवढ्यासाठी शब्द टाकून द्यायचा नसतो. ‘पत्ता’ म्हणावे तर तो मेमरीतल्या जागेचा क्रमांक. तो जपून ठेवणारे व्हेरिएबल तो हवाला.

हवाला म्हटले की चुकाही लगेच दिसतात. अदलाबदलीला &अ आणि &ब (म्हणजे अ आणि ब चे पत्ते) द्या, आत * लावून त्या पत्त्यांवरचे वाचा-लिहा, काम होते. पण हवाल्याचीही नक्कलच जाते. फंक्शनच्या आत त्याच पॉइंटरमध्ये मॅलॉकने (मेमरीत नवी जागा मागून घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या जागेचा पत्ता भरला, तर बाहेरचा पॉइंटर जुनाच राहतो आणि घेतलेली जागा बेवारस होते. तिथे हवाल्याचा हवाला द्यावा, दोन * लावून, किंवा नवा पत्ता रिटर्न करावा. फंक्शनच्या स्वतःच्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता मात्र रिटर्न करू नये : हुंडी वटवायला जावे तर पेढीच उठलेली. कधीकधी तिथे जुना आकडा दिसतोही, आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

काटकसरीचे म्हणाल तर ४ बाइटच्या इंटसाठी (पूर्णांकासाठी) ६४ बिट यंत्रावर ८ बाइटचा हवाला देऊन काही वाचत नाही. हजार इंटांचे स्ट्रक्चर (एकत्र बांधलेला गठ्ठा) असेल तर दर कॉलला ४००० बाइट उतरवण्याऐवजी ८ जातात. फक्त वाचायचे असेल तर ‘कॉन्स्ट’ (‘यात बदल नको’ ही खूण) लावा.

मराठीची एक गंमत विसरू नये. ‘फंक्शनला हवाला’ आणि ‘फंक्शनचा हवाला’ या दोन वेगळ्या गोष्टी, आणि नुसत्या विभक्तीने वेगळ्या होतात. क्यूसॉर्टला (क्रम लावणाऱ्या तयार फंक्शनला) तुलना करणाऱ्या फंक्शनचा हवाला लागतो : नुसते नाव लिहायचे. नावापुढे कंस टाकलेत की ते फंक्शन तिथेच कॉल होऊ पाहते, आणि या वेळी मात्र कंपायलर ओरडतो.