वेब्ली रिव्हॉल्व्हर: विकावं, ठेवावं की आधी पॉलिश करावं?

वडिलांमागे तुमच्याकडे आलेलं वेब्ली मार्क ६ एक व्यापारी एकरकमी मागतोय. भावाचं म्हणणं, आधी नव्यासारखं करून घेऊ आणि मग लिलावात देऊ. तुम्हाला ते निवृत्तीसाठी राखून ठेवावंसं वाटतंय.

पॉलिशवर एक पैसाही घालू नका. संग्राहक किंमत मोजतो ती मूळ ब्लूइंगची, म्हणजे पोलादावरच्या कारखान्यातल्या निळसर-काळ्या थराची. पॉलिशचं चाक फिरलं की चौकटीच्या कडा गोलसर होतात, शिक्के उथळ पडतात आणि गेलेली किंमत काही केल्या परत येत नाही. तेलाचा हलका हात पुरे.

व्यापाऱ्याला उत्तर देण्याआधी परवाना आणि वारसाची कागदपत्रं पूर्ण करा. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून रिव्हॉल्व्हर उघडा आणि काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत ना, ते पाहा. मार्क ६ ब्रिटिश सैन्यात १९१५ साली आलं: .४५५ कॅलिबर, सहा इंची नळी, चौकोनी मूठ. बाणाचा शिक्का म्हणजे सरकारी मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते सैन्यातून रीतसर विकलं गेलेलं आहे.

खरा निकाल सिलिंडरवर, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावर लागतो. त्यावरचा नंबर चौकटीवरच्या नंबराशी जुळतो का? आणि मागचं तोंड तासलेलं तर नाही ना? .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसावं म्हणून अनेक वेब्लींचे सिलिंडर मागून तासले गेले. त्या काडतुसाचा दाब या रिव्हॉल्व्हरला जड जातो, त्यामुळे किंमतही घटते आणि धोकाही राहतो. म्हणून ‘चालतंय का’ हे बघायला गोळी झाडू नका. बिजागरी आणि चौकट बंद ठेवणारा खटका ढिला आहे का, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, हे जाणकार बंदूक कारागिराकडून तपासून घ्या.

भाव काढताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे सोडा, झालेल्या लिलावांचे निकाल बघा. त्यातही छापलेल्या रकमेत बऱ्याचदा खरेदीदाराने लिलावघराला द्यायचं शुल्क मिळवलेलं असतं. तुमच्या हाती येते ती अंतिम बोली, त्यातून लिलावघर तुमच्याकडून घेतं ते कमिशन, विमा आणि वाहतूक वजा जाता.

निवृत्तीचा आधार म्हणून मात्र हे धरू नका. व्याज नाही, भाडं नाही, गरजेच्या महिन्यात गिऱ्हाईक मिळेल याचीही खात्री नाही. नंबर जुळत असतील आणि सिलिंडर अखंड असेल तर लिलाव. तासलेला निघाला तर व्यापाऱ्याचा एकरकमी भाव घ्या. वडिलांची सैन्यातली कागदपत्रं किंवा जुनं होल्स्टर असेल तर ते वेगळं विकू नका. भावाचा हिस्सा ठरवायला दोन स्वतंत्र मूल्यांकनं लेखी घ्या, आणि मूल्यांकन करणारा स्वतः खरेदीदार नसावा.