पेशंट गेला तरी काहीच वाटत नाही

प्रश्न: ताई, मी पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड आयसीयूला होते, तासन्‌तास पीपीई किट घालून, पाणी नाही बाथरूम नाही, एकेकीकडे चार-पाच व्हेंटिलेटरचे पेशंट, आणि नातेवाईकांना आत सोडत नव्हते म्हणून त्यांना शेवटचा व्हिडिओ कॉल पण आम्हीच लावून द्यायचो. आता सगळं नॉर्मल झालंय म्हणतात पण मला पेशंट गेला तरी काहीच वाटत नाही, बॉडी पॅक करते आणि पुढच्या बेडचं चार्टिंग घेते. ड्युटीला निघताना पोटात गोळा येतो, घरी मुलीवर उगाच ओरडते. नवरा म्हणतो सोड जॉब. मी दगड झालेय का? आणि सायकियाट्रिस्टकडे गेले तर हॉस्पिटलला कळेल का?

उत्तर: सिस्टर, दगड वगैरे काही नाही, हा बर्नआउट वाटतोय. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, त्याच्या तीन खुणा दिल्यात: अंगातली ताकदच संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आणि तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळलाच गेला नाही की असं होतं असं म्हटलंय. हे मुद्दाम सांगतेय, कारण नर्सेस सगळं खापर स्वतःच्या स्वभावावर फोडतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूत एका पेशंटला एक नर्स धरलीय, तुम्ही चार-पाच सांभाळत होतात. पेशंटला काय द्यायला हवं ते माहितीये पण हातच पुरत नाहीत, या घुसमटीला मॉरल डिस्ट्रेस म्हणतात, अँड्र्यू जेमटन या अमेरिकन नीतितज्ज्ञांनी १९८४ मध्ये नर्सेसबद्दल लिहितानाच हा शब्द वापरला होता. तेव्हा मन बधिर झालं म्हणून तुम्ही रोज ड्युटीवर उभ्या राहू शकलात, फक्त ती बधिरता नंतर उतरली नाही. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, कोरोना योद्धा म्हटलं, पण योद्ध्याला दमायची परवानगी कुणीच दिली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

जॉब सोडायचा निर्णय आत्ता नको. आधी मेट्रनना भेटून काही महिने आयसीयूतून बदली मागा, ओपीडी, डे केअर, काहीही, आणि सलग नाइट नको हे लेखी द्या. त्या लाटेत तुमच्यासोबत होत्या त्यातल्या एकदोघींना भेटा, गप्पा मारायला नाही, त्या पेशंट्सबद्दल बोलायला, कारण घरच्यांना कितीही प्रेम असलं तरी बॉडी पॅक करणं म्हणजे काय ते कळत नाही. नवऱ्याला मात्र एवढं सांगा की ड्युटीवरून आल्यावर पहिला अर्धा तास मला कुणी काही विचारू नका, मुलीवरचं ओरडणं बरंचसं त्याच अर्ध्या तासातलं असेल. आणि एक कळकळीची विनंती, झोप लागत नाही म्हणून वॉर्डातली अल्प्राझोलामची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. हाताशी असते म्हणून सवय लागते आणि ती सुटताना फार त्रास होतो.

सुट्टीतही, मुलीसोबत असतानाही कशातच मन लागत नसेल, असं दोन आठवडे चाललं असेल तर ते नुसतं बर्नआउट नसेल, डिप्रेशन असू शकतं, तेव्हा सायकियाट्रिस्टकडे जायलाच हवं. जगू नये असे विचार येत असतील तर आजच जा, थांबू नका. हॉस्पिटलला कळायचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, कुणाच्या जिवाला धोका असे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर तुमच्या नोकरीच्या ठिकाणी परस्पर काही सांगू शकत नाहीत. तरी धाकधूक असेल तर तुमच्या हॉस्पिटलशी संबंध नसलेले डॉक्टर निवडा. नाहीतर आधी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. नाइट संपवून पहाटे केलात तरी चालेल.