गिलरेची चित्रे: व्यंगचित्र, अर्कचित्र की कार्टून?

जेम्स गिलरे (१७५६–१८१५) या इंग्रज चित्रकाराच्या, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या राजकीय चित्रांना मराठीत व्यंगचित्र म्हणावे, अर्कचित्र म्हणावे की सरळ कार्टून, आणि त्यांना 'कोरीव' हे विशेषण चालेल का, असा प्रश्न आहे.

माझा कौल 'व्यंगचित्र' या शब्दाला आहे. अर्कचित्रात एका व्यक्तीच्या चेहऱ्यामोहऱ्याचा अर्क उतरतो, आणि गिलरे त्यात वाकबगार होताच. पण त्याचे १८०५ सालचे प्रसिद्ध चित्र पाहा. पृथ्वीच्या आकाराच्या पुडिंगवर ब्रिटनचे पंतप्रधान पिट आणि नेपोलियन समोरासमोर तुटून पडले आहेत. पिट त्रिशूळासारखा काटा खुपसून समुद्राचा मोठा वाटा कापून घेतो आहे, तर ठेंगणा नेपोलियन तलवारीने युरोपचा लचका तोडतो आहे. काटकुळा पिट आणि अवाढव्य टोपीखालचा नेपोलियन ही अर्कचित्रे खरी, परंतु जगाची वाटणी दोघांत चालली आहे हे भाष्य अर्कचित्राच्या व्याख्येत मावत नाही. 'व्यंग' म्हणजे शरीरातील दोष, म्हणून 'व्यंग्यचित्र' असे लिहावे, हा आक्षेप व्युत्पत्तीच्या दृष्टीने सयुक्तिक असला, तरी मराठीत रूढ झालेले रूप आता बदलण्यात हशील नाही.

'कार्टून' मात्र इथे कालविपर्यास ठरेल. भित्तिचित्रासाठी आधी काढलेले पूर्णाकृती रेखाटन, एवढाच त्या शब्दाचा कलेतील अर्थ होता. १८४३ साली लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने संसदभवनासाठीच्या अशा रेखाटनांची थट्टा करताना तो आपल्या चित्राला लावला आणि तिथून आजचा अर्थ रुळला. तोवर गिलरेला जाऊन २८ वर्षे झाली होती.

'कोरीव' चालेल, पण सैलपणे. गिलरे बहुधा पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढी आणि धातू खाण्याचे काम आम्ल करी. चित्रकलेच्या वर्गात याला एचिंगच म्हणतात. छापील प्रत उलटी उमटत असल्याने अक्षरेही पत्र्यावर उलटी काढावी लागत. शाई खोलगट रेघांत बसत असल्यामुळे असा पत्रा मजकुराच्या उठावाच्या खिळ्यांबरोबर (छपाईच्या धातूच्या अक्षरांबरोबर) एकाच दाबाने छापता येत नसे. म्हणून ही चित्रे वृत्तपत्रातील मजकुरात न येता सुट्या पानांवर छापून, अनेकदा हाताने रंगवून, हॅना हम्फ्री या प्रकाशिकेच्या दुकानात विकली जात. त्यामुळे सर्वसाधारण लेखनात 'कोरीव व्यंगचित्र' पुरेसे आहे. तंत्राविषयीच लिहायचे असेल, तर 'एचिंग पद्धतीने छापलेले व्यंगचित्र' असे लिहावे.