मांडवीच्या खाडीतलं नायट्रेट शेतातलं की सांडपाण्यातलं, हे समस्थानिकांवरून ठरवता येतं का?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या मांडवीच्या खाडीत नायट्रेट वाढलेलं दिसतं, ते खताचं की सांडपाण्याचं हे नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, ठामपणे सांगता येईल का. नुसत्या नायट्रोजनवरून नाही. नायट्रेटमधल्या नायट्रोजनची आणि ऑक्सिजनची समस्थानिकं आणि पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, हे तिन्ही एकत्र मोजलंत, तर बऱ्याच अंशी येतं. मी या मोजमापांचं काम केलं आहे, म्हणून अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो.

निसर्गातल्या नायट्रोजनमध्ये जड अणू, म्हणजे नायट्रोजन-१५ किंवा एन-१५, जेमतेम ०.३७ टक्के असतो. हवेच्या तुलनेत तो किती कमी-जास्त आहे हे दर हजारी फरकात मांडतात. रासायनिक खत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतं, म्हणून त्याचं मूल्य शून्याच्या आसपास. मैला आणि शेणखतातून अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन आधी जातो आणि मागे उरलेल्यापासून होणारं नायट्रेट +१० ते +२० पर्यंत पोचतं. मातीतलं साधारण +३ ते +८. इथवर सगळं सोपं वाटतं.

पण सूक्ष्मजीव नायट्रेट वापरतात तेव्हाही हलकं आधी संपतं. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात खताचं नायट्रेट अर्धंअधिक नष्ट झालं, तर उरलेलं सांडपाण्यासारखं जड दिसतं. म्हणून नायट्रेटमधला जड ऑक्सिजन, ऑक्सिजन-१८, मोजायला हवाच. अशा वापरात नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्हींची मूल्यं जोडीने चढतात, समुद्राच्या पाण्यात जवळपास एकास एक. सांडपाण्याची भर पडली तर मुख्यतः नायट्रोजन चढतो. पावसातून थेट आलेलं नायट्रेट ओळखायला तर वेळच लागत नाही, कारण त्यातला ऑक्सिजन ओझोनकडून आलेला असतो आणि +६० च्या वर जातो.

परदेशी तक्त्यांत खताच्या नायट्रेटचा ऑक्सिजन +२० च्या आसपास दाखवलेला असतो. ते नायट्रेटरूपी खताला लागू आहे. आपल्याकडे मुख्यतः युरिया पडतो. त्याचं नायट्रेट मातीतच तयार होतं, त्यामुळे त्याचा ऑक्सिजन मातीतल्या नायट्रेटसारखाच दिसतो. ते तक्ते जसेच्या तसे गोव्याला किंवा कोकणाला लावू नका.

आता समुद्राची बाजू, जिच्याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो आणि जिवाणू नायट्रेट वापरू लागतात. उरतं ते जड नायट्रेट. असं पाणी भरतीबरोबर मुखातून आत आलं आणि तुम्ही फक्त एन-१५ पाहिलात, तर दोष पणजीच्या सांडपाण्यावर जाईल. म्हणून मुखाबाहेरच्या तळाच्या पाण्याचा नमुना, त्याच आठवड्यात घेतलेला, मला अत्यावश्यक वाटतो. त्याच्याशिवाय काढलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उलट फसगतही होते. खाडीच्या चिखलात शिरलेलं नायट्रेट बहुतेक पूर्णच संपतं, त्यामुळे जड उरलेला भाग वरच्या पाण्यात फारसा परत येत नाही. समस्थानिकं हलली नाहीत म्हणजे नायट्रेट नष्ट झालं नाही, असं समजू नका. ती घट क्षारतेसमोर नायट्रेटचं प्रमाण मांडल्यावर दिसते, नदीचं आणि समुद्राचं पाणी नुसतं मिसळलं असतं तर बिंदू सरळ रेषेवर आले असते, ते त्या रेषेखाली घसरलेले असतात. समस्थानिकांची मिश्रणरेषा मात्र वक्र येते, कारण ज्या पाण्यात नायट्रेट जास्त, त्याचा मिश्रणातला प्रभाव जास्त.

नमुने अंतराप्रमाणे नव्हे, क्षारतेप्रमाणे घ्या. भरती पोचत नाही तिथलं नदीचं पाणी, शोषखड्ड्यांजवळच्या विहिरी आणि प्रक्रिया केंद्राचं बाहेर पडणारं पाणी वेगवेगळं मोजा. पावसाळ्यात एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा तरी फेरी हवी, कारण पावसाळ्यात खाडी बरीचशी गोडी होते. पाणी जागेवरच गाळून गोठवा. प्रयोगशाळा जिवाणूंची पद्धत वापरत असेल, म्हणजे नायट्रेटचं नायट्रस ऑक्साइड करून मोजत असेल, तर नायट्राइट आधी काढलं का ते विचारा. ते राहिलं तर ऑक्सिजनची मूल्यं बिघडतात. आणि सांडपाण्याबद्दल शंका उरलीच तर त्याच नमुन्यात कॅफीन शोधा. ते शेतातून येत नाही.