सुकटीचा वास आणि सेक्रेटरींना अर्ज

'ताई, आम्ही डोंबिवलीत सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकू मालवणकडच्या. पावसाळा लागल्यापासून दिवसाआड सुकट नाहीतर बोंबील भाजतात आणि वास डक्टमधून थेट आमच्या घरात. ७२ वर्षांच्या सासूबाईंना मळमळतं. वास आला की त्या सगळ्या खिडक्या लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू करतात, तरी तासभर वास हटत नाही. मे महिन्यात आम्ही बारा दिवस गावाला जाऊन आलो, तर बाथरूममध्ये सडका वास भरलेला. त्यात काकूंच्या कचऱ्याची बादली रात्रभर जिन्यात. मिस्टरांनी सेक्रेटरींना द्यायला अर्ज लिहून ठेवलाय, सही मात्र मी करायची. आणि माझी मुलगी शाळेतून आल्यावर याच काकूंकडे थांबते. काय करू? – कोंडी झालेली'

अगं, अर्ज आधी ड्रॉवरमध्ये टाक. फाडू नकोस, त्यातली एक ओळ पुढे कामाला येणार आहे.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकच तक्रार दिसली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यात तीन वेगवेगळे वास सापडले. आपल्या भाषेत वशट, कुबट, उग्र, सडका असे इतके शब्द आहेत ते काही हौसेनं नाहीत. सुकट भाजल्याचा वास उग्र असतो, वशट असतो, पण सडका नसतो. मग मे महिन्यातला तो सडका वास कुणाचा?

तुमचाच. रागावू नकोस. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठलेलं असतं आणि तेवढं पाणीच ड्रेनेजच्या पाइपातली हवा अडवून धरतं. घर बारा दिवस बंद, वर मे महिन्याचा उकाडा. पाणी सुकलं, की पाइपातली हवा मोकळी वर येणार. काकूंच्या बोंबलाचा इथे काडीचा संबंध नाही. बाल्कनीतली किंवा वॉशिंग मशीनजवळची जाळी, म्हणजे जिथे रोज पाणी पडत नाही, तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा. गावाला निघताना त्या पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोड, पाणी लवकर सुकत नाही. जाळी काढून खालचा गाळही एकदा बघ. (हात घालायला मिस्टरांना सांग. अर्ज लिहायला सवड मिळाली त्यांना.)

आता सुकट. सासूबाई खिडक्या लावून एक्झॉस्ट चालू करतात, तिथेच घोळ आहे. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत येणारच. खिडक्या बंद असल्या की ती बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या फटींतून येते, म्हणजे डक्टमधून. डक्ट म्हणजे तरी काय, खालपासून गच्चीपर्यंतचं धुराडंच. गरम हवा वर चढते आणि वाटेत तुमचा पंखा तिला घरात ओढून घेतो.

म्हणून उलट करायचं. बाथरूमचं दार आणि डक्टकडचं सगळं बंद, रस्त्याकडची हॉलची खिडकी उघडी. पाऊस असला तरी चार बोटं उघडी ठेवा. एक्झॉस्ट त्या वेळी बंद. पंखा बंद असताना त्याचं भोक म्हणजे उघडं दारच, तर त्याला पंखा थांबला की आपोआप मिटणारं झडपांचं शटर बसवून घे. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. काकूंची भाजाभाजी आटोपली की मग हॉलची खिडकी उघडी ठेवूनच एक्झॉस्ट लाव.

आणि पावसाळ्यातच हे सगळं का, तेही सासूबाईंना सांग. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, ताजी मासळी कमी आणि महाग. म्हणून कोकणातल्या घरांत उन्हाळ्यातच सुकट, सोडे, बोंबील वाळवून डबे भरून ठेवतात. काकू श्रावण पाळत असतील तर तेव्हा महिनाभर तुम्हाला सुट्टीच.

खाली नक्की जा, पण एकटी जा. 'वास येतो' या दोन शब्दांनी सुरुवात करू नकोस. मी गिरगावात चाळीत वाढले. या दोन शब्दांवरून तिथे सहा-सहा महिने अबोला टिकलेला मी पाहिलाय. तू म्हण, 'काकू, आमच्या सासूबाईंना सुकटीचा वास सोसत नाही, मळमळतं त्यांना. तुम्ही भाजायला घेण्याआधी मला एक मिस्ड कॉल द्याल? मी डक्टकडची खिडकी लावून घेत जाईन.' काम तू स्वतःकडे घेतेस, त्यांनी फक्त खबर द्यायची. वास घालवायचे उपाय मात्र सांगत बसू नकोस. मालवणच्या बाईला मासळीवर कोकमाचं आगळ कसं लावायचं हे आपण काय शिकवणार!

बादलीचं वेगळं आहे. तिथे तू बरोबर आहेस. मासळीचं पाणी आणि ओला कचरा रात्रभर जिन्यात ठेवणं चूकच. जिना सगळ्यांचा आहे, मांजरं येतात, माश्या घोंघावतात. हे काकूंना तोंडावर, स्पष्ट सांग. ऐकलं नाही तर ड्रॉवरमधून अर्ज काढ, पण त्यातली ती एकच ओळ ठेव: 'ओल्या कचऱ्याच्या बादल्या कचरा नेणारा येईपर्यंत घरातच ठेवाव्यात.' नाव कुणाचं नको, मासळीचा उल्लेख तर अजिबात नको. उपविधींत इतरांना उपद्रव होऊ नये असं कलम असतं, पण रोजचा स्वयंपाक त्यात ओढायला लागलीस तर ते पेलणार नाही. शाकाहारी-मांसाहारी असा वाद एकदा सोसायटीच्या सभेत शिरला की कुठे जातो, ते मुंबईत घर शोधलेल्या कुणालाही विचार. आणि त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी साडेबाराला तुझी मुलगी कुणाच्या दारात उभी राहणार?

जाता जाता एक विचारते. सासूबाई संध्याकाळी धूप घालतात का? घालत असतील तर तो पाचव्या मजल्यावर पोचत असणार, त्याच डक्टमधून. वरच्यांनी अजून काही म्हटलं नाही ना?

जाळीत पाणी ओतून आठ दिवसांनी बाथरूमचं काय झालं ते कळव.