शब्दशंका : सूत, सुत आणि सुताच्या चादरी

प्रश्न : चादरी-टॉवेलच्या दुकानावर नवा बोर्ड लावतो आहे. पेंटरने ‘सूताच्या चादरी’ लिहिले. शेजारचे म्हणतात, ‘सुताच्या’ हवे. पण सुत म्हणजे मुलगा ना?
– एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : शेजाऱ्यांचे बरोबर आहे. रंग वाळायच्या आत पहिला उकार करून घ्या.

धागा या अर्थी ‘सूत’ हा मराठी शब्द. शेवटच्या ‘त’मधला ‘अ’ आपण जवळजवळ उच्चारत नाही, म्हणून आधीचा ‘सू’ लांबतो. प्रत्यय लागला की तो भार पुढे सरकतो आणि ‘सू’चा ‘सु’ होतो : सुताला, सुताच्या. ‘सुतावरून स्वर्ग’ आपण असाच लिहितो. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला यांचीही हीच चाल. समासात मात्र मूळ रूप टिकते, म्हणून सूतगिरणी, सूतकताई.

मुलगा या अर्थी ‘सुत’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम. तो कायम ऱ्हस्व. तेव्हा ‘सुताला’ हे रूप धागा आणि मुलगा दोघांचेही. अर्थ वाक्यावरून घ्यायचा. चादरीच्या दुकानात कोणाचाही घोटाळा होणार नाही.

तिसरा ‘सूत’ म्हणजे सारथी. तोही तत्सम, पण दीर्घ, आणि तत्सम शब्द प्रत्ययापुढे बदलत नाही : सूताला, सूताचा. कर्णाला सूतपुत्र म्हणतात तो हा. बोर्डावर ‘सूताच्या चादरी’ लिहिले, तर व्याकरणाने त्या सारथ्याच्या होतात.

प्रश्न : लग्नपत्रिकांची प्रुफे तपासताना ‘शुभमीलन’ आणि ‘पाणीग्रहण’ वरचेवर येतात. सोडून द्यावे का?
– एक मुद्रितशोधक, सोलापूर

उत्तर : मुळीच सोडू नका. मीलन म्हणजे मिटणे. डोळे उघडणे ते उन्मीलन. भेटीचा शब्द ‘मिलन’. ‘मिळणे’ आठवले की ‘मि’ चुकत नाही. पाणि म्हणजे हात. असा तत्सम ऱ्हस्वान्त शब्द समासात आधी आला की ऱ्हस्वच राहतो, म्हणून पाणिग्रहण. ‘पाणीग्रहण’ म्हणजे पाणी घेणे! एकटे लिहिताना ‘रवी’, पण वार ‘रविवार’, तोही याच नियमाने.

संगणकाच्या शुद्धलेखन-तपासणीवर इथे विसंबू नका. मिलन-मीलन अशा जोडीतले दोन्ही शब्द कोशात असतात, त्यामुळे चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येतच नाही. ‘महाराष्ट्र दीन’ असाच छापला जातो. दिन म्हणजे दिवस (दिनांक, दिनकर), दीन म्हणजे गरीब, केविलवाणा (दीनदुबळा). आणि चूक सापडली म्हणून सगळीकडचे ‘दीन’ एका फटक्यात ‘दिन’ करू नका. निमंत्रितांच्या यादीतले दीनानाथ आणि निजामुद्दीनही बदलतील. एकेक जागा पाहून दुरुस्त करा.

प्रश्न : ज्वारीचे ‘पिक’ की ‘पीक’?
– एक शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : पीक. प्रत्यय लागला की पिकाला, पिकांचा. पण पीकविमा, पीककर्ज. ‘पिक’ म्हणजे कोकिळ. ‘यंदा पिक चांगले आले’ याचा अर्थ कोकिळ आले असा होतो, आणि ते तर ज्वारी निघाल्यावर, आंब्याच्या दिवसांत ओरडतात.