वाचकांचे प्रश्न : गाणारा नायक

प्रश्न : कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ‘चलती का नाम गाडी’ दाखवावा, असे मी सुचवले. त्यावर तरुण मंडळी म्हणतात की, गायकाला नायक केले की अभिनय लंगडा पडतो. आपले मत काय?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : हा आक्षेप पुष्कळ गायक-नायकांना लागू पडतो, कारण त्यांच्या चित्रपटांत गाणे आले की कथा थांबते आणि नायक नुसता उभा राहून गातो, किशोरकुमारांच्या बाबतीत मात्र गाणे हाच अभिनयाचा सर्वांत बळकट भाग होता. सत्येन बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या १९५८ च्या या चित्रपटात भर पावसात मधुबालाची मोटार बंद पडते, आणि गॅरेजमध्ये रात्री एकटाच असलेला मनमोहन (किशोरकुमार) दुरुस्ती करता करता हाताशी आलेल्या अवजारांवर ताल धरून त्या ओल्याचिंब मुलीवरच गाणे म्हणू लागतो. चाल सचिनदेव बर्मन यांची आणि शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे असले, तरी खोडी गळ्यातली आहे. आवाजाची लकेर आणि भुवईची हालचाल एकाच माणसाची असल्यामुळे त्यांत फट राहत नाही, आणि विनोदाला तेवढी फटही मारक ठरते. तरुणांना या गाण्यापर्यंत बसवून ठेवा. खलनायक के. एन. सिंह यांच्या कारस्थानांचा उत्तरार्ध मात्र सैल आहे. मसाला दूध त्याच वेळी वाटावे, हे उत्तम.

प्रश्न : किशोरकुमारांसाठी पडद्यामागून महंमद रफी गायले होते, ही निव्वळ दंतकथा का?
– एक वाचक, महाल

उत्तर : दंतकथा नाही. ‘रागिनी’ (१९५८) मध्ये ओ. पी. नय्यर यांनी ‘मन मोरा बावरा’ आणि ‘शरारत’ (१९५९) मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘अजब है दास्तां तेरी’ ही गाणी रफींकडून गाऊन घेतली, आणि पडद्यावर किशोरकुमारांनी त्यांवर ओठ हलवले. दोन्ही गाणी गंभीर प्रकृतीची आहेत, हे ध्यानात घ्यावे. खोडकर गाणे दुसऱ्याकडे सोपवण्याचा विचार कोणी करणे अवघडच होते. ‘हाफ टिकट’ (१९६२) मध्ये तर सलील चौधरी यांच्या एका युगुलगीतातील पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही आवाज त्यांनी स्वतःच लावले.

प्रश्न : किशोरकुमार ‘आपल्या प्रांतातले’ असे आमचे आजोबा म्हणत. खंडवा तर मध्य प्रदेशात आहे.
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : आजोबांचे बरोबर होते. किशोरकुमारांचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ चा. त्या काळी खंडवा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती.

प्रश्न : ‘चलती का नाम गाडी’तील पाच रुपये बारा आणे म्हणजे नेमके किती?
– एक विद्यार्थिनी, सीताबर्डी

उत्तर : सोळा आण्यांचा रुपया, म्हणून पाच रुपये पंच्याहत्तर पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली होती, तरी लोकांच्या तोंडी आणेच होते. ही मोटारदुरुस्तीची थकलेली मजुरी असून प्रेमकथेचा निम्मा डोलारा तिच्यावर उभा आहे, कारण वसुलीचे निमित्त नसते तर मनमोहनला नायिकेच्या मागे जाण्याचे धैर्य झालेच नसते. आशा भोसले यांच्यासोबतच्या गाण्यात नायिका तारे आणि बहार यांची भाषा करते, तर हा अधूनमधून आपले बिल मागत राहतो.